डोळ्याच्या आनुवंशिक आजारांवर पीएच.डी.: जिंतूरहून हैदराबादला पोचेपर्यंत

आधी हिशोब मांडते, कारण मी शोधत होते तेव्हा कुणी मांडलेला सापडला नाही. त्रेसष्ट ईमेल, दोन वेळा नेट (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), दोन मुलाखती, तहसीलच्या तीन चकरा आणि सत्तर हजारांच्या आसपास रुपये. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे निवड झाल्यानंतर गेले. ते का, ते पुढे येईलच. जून २०२२ ला परभणीतून एम.एस्सी. बायोटेक झाले आणि फेब्रुवारी २०२५ ला हैदराबादेत पीएच.डी.ला रुजू झाले. विषय डोळ्याच्या पडद्याचे आनुवंशिक आजार. वडील एसटीच्या जिंतूर आगारात कंडक्टर आहेत, आई घरी असते.

विषय माझ्याकडे घरातूनच आला. माझ्या आजोळी, गंगाखेडकडे, आजोबांनी मामाची मुलगी केली. चार लेकरं झाली. मोठ्या मामाला शाळेत असतानाच अंधारात दिसेना. दिवेलागणीनंतर तो ओट्यावरून खाली उतरायचा नाही, आणि लोक त्याला भित्रा म्हणायचे. मग रातांधळेपणा आहे असं ठरलं. शेवग्याचा पाला झाला, गाजरं झाली, बकऱ्याची कलेजी झाली, अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या. पस्तिशीत त्याला नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसायचं. आज त्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. मावशी त्याच वाटेवर, दहा वर्षं मागं. माझी आई आणि धाकटा मामा ठणठणीत.

आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. जगात साधारण चार हजारांत एकाला होतो. पडद्यावरच्या दंडपेशी, म्हणजे कमी उजेडात बघणाऱ्या पेशी, आधी मरतात, शंकुपेशी, म्हणजे भर उजेडात बघणाऱ्या, नंतर. म्हणून आधी रात्र जाते, मग कडा जातात, मग मधलं. हे मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात कळलं. वंशावळ काढायला शिकवत होते. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, आजारी असेल तर आतून काळं करायचं, आणि नवराबायको रक्ताच्या नात्यातले असतील तर त्यांच्यामध्ये एकाऐवजी दोन रेघा. मी वहीच्या शेवटच्या पानावर आजोळ काढलं. आजी-आजोबांमध्ये दोन रेघा मारल्या आणि तास संपेपर्यंत त्या पानाकडंच बघत बसले.

ईमेल ऑगस्ट २०२२ पासून सुरू केले. भारतात या विषयावर काम कुठं चालतं ते शोधायलाच महिना गेला. तुमचा वाचावा म्हणून इथं देते: हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, चेन्नईला शंकर नेत्रालय, मदुराईला अरविंद, बंगळुरूला नारायण नेत्रालय, दिल्लीला एम्सचं राजेंद्र प्रसाद केंद्र. डोळ्यापुरतं नाही पण जनुकशास्त्रासाठी हैदराबादेत सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्र) आणि सीडीएफडी (डीएनए फिंगरप्रिंटिंग आणि निदान केंद्र). या कामाला एमबीबीएस लागत नाही. लाइफ सायन्सेसची कुठलीही एम.एस्सी. चालते. हा प्रश्न मला इतके जण विचारतात की तो सुरुवातीलाच निकालात काढते.

पहिले चाळीसेक ईमेल मी एकच मजकूर नाव बदलून पाठवले. ‘मला आपल्या कामात अत्यंत रस आहे’ वगैरे. एका ठिकाणी नाव बदलायचं राहिलं आणि चेन्नईच्या बाईंना मदुराईच्या सरांचं नाव गेलं. अर्थात उत्तर नाही. सत्तेचाळिसाव्याला एक ओळीचं उत्तर आलं: आमचा कुठला पेपर वाचलास? वाचला नव्हता. लाज वाटली, मग आठ दिवस लावून एक वाचला. निम्मा कळला नाही, पण एक गोष्ट खटकली. नात्यातल्या लग्नांचा आकडा मला फार कमी वाटला. त्यावर दोन ओळींचा प्रश्न लिहून पाठवला. दुसऱ्या दिवशी मोठं उत्तर आलं, शेवटी लिहिलं होतं की प्रश्न चांगला आहे, पण जागा नेट झालेल्यांनाच मिळते, नेट करून ये. नंतरचे सोळा ईमेल मी असेच लिहिले, एका पेपरवर एक प्रश्न. तीन उत्तरं आली. चाळिसात शून्य आणि सोळात तीन, काय ते समजून घ्या.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असाल तर विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप बघा. दोन महिने चांगल्या प्रयोगशाळेत जाता येतं, अर्ज आदल्या हिवाळ्यात निघतात. मला कळलं तेव्हा माझं दुसरं वर्ष संपलं होतं.

नेटचा अभ्यास करताना मी एका ज्युनिअर कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासाचे पैसे मिळायचे, कधी ते विचारू नका. पहाटे चार ते सात अभ्यास, आठच्या एसटीनं कॉलेज. बायकांना अर्धं तिकीट मार्च २०२३ ला सुरू झालं, त्यानं महिन्याचे बरेच पैसे वाचले. बाबा म्हणायचे, आमच्याच गाडीत आमचीच पोरगी अर्ध्या तिकिटात.

सीएसआयआर-यूजीसी नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा, तीन तास. प्रश्न १४५ असतात पण सोडवायचे फक्त ७५: पहिल्या भागातले १५, दुसऱ्यातले ३५, तिसऱ्यातले २५. तिसऱ्या भागाला प्रश्नाला चार गुण, आणि चुकलं की पाव भाग गुण कापतात. डिसेंबर २०२३ ला मी तिसऱ्या भागातले पंचवीसच्या पंचवीस सोडवून आले, शाळेत कुठलाही प्रश्न रिकामा सोडायचा नाही असं शिकलोय ना. गेलं. थोडक्यात गेलं, तेच जास्त लागलं. दुसऱ्या वेळी तिसऱ्या भागातले फक्त सोळा सोडवले, खात्रीचे.

दुसरी वेळ म्हणजे जून २०२४. ओबीसी नॉन-क्रीमीलेयरला फी सहाशे. परीक्षा २५ ते २७ जून होती आणि २१ तारखेला रात्री बातमी आली की पुढे ढकलली. बाबांनी माझ्यासोबत यायला ड्यूटी बदलून घेतली होती. त्या रात्री मी पुस्तकं माळ्यावर टाकली. चौथ्या दिवशी आईनं न बोलता खाली काढून ठेवली. परीक्षा २५ ते २७ जुलैला झाली, निकाल सप्टेंबरात आला, जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली. ही जून २०२४ ची परीक्षा निकालाच्या तीन गटांची पहिलीच. काहींना जेआरएफ, काहींना सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, काहींना फक्त पीएच.डी. प्रवेश. जेआरएफ नसली तरी नाराज होऊ नका. उरलेल्या दोन गटांचे गुण पीएच.डी. प्रवेशाला वर्षभर चालतात, ७० टक्के वजन नेटला आणि ३० टक्के मुलाखतीला. पैशासाठी मग बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपा आहेत, तुम्ही ज्या प्रवर्गात बसता ती बघा.

आता कागद. खरं सांगते, माझी सगळ्यात जास्त झोप यानं घालवली. माझ्याकडे नॉन-क्रीमीलेयर होतं, पण राज्याच्या नमुन्यातलं. केंद्राच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि ते वेगळं काढावं लागतं. हे मला अर्ज परत आल्यावर कळलं. सेतूवाला म्हणाला, दोन्ही एकच असतं ताई. एकच नसतं. वडिलांचं तीन वर्षांचं उत्पन्न, शाळा सोडल्याचा दाखला, जात प्रमाणपत्र, सगळं परत जोडून तहसीलला दिलं. पहिल्या चकरेला साहेब दौऱ्यावर, दुसरीला सर्व्हर बंद, तिसरीला सही झाली. एकवीस दिवस गेले. तुम्ही एम.एस्सी.ला आहात तेव्हाच हे काढून बघा, चालू आर्थिक वर्षाचं लागतं म्हणून परत काढावं लागेल, पण रस्ता माहीत होतो.

दुसरं नावाचं. दहावीच्या मार्कमेमोवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं. आधारवर माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. पदवीवर आईचंही नाव. आपल्याकडं याला कुणी चूक म्हणत नाही, पण संगणक तीन बायका समजतो. प्रतिज्ञापत्र करावं लागलं. स्टॅम्पवाल्याकडे शंभरचा मागितला तर म्हणाला शंभरचा बंद झाला, ऑक्टोबरपासून पाचशेचाच. वकिलाचे दोनशे वेगळे. प्रतिज्ञापत्राच्या पाच साक्षांकित प्रती करून ठेवा. मला चार लागल्या.

बाहेरच्या देशाचाही विचार झाला, तो एका परिच्छेदात संपवते. लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजची नेत्रविज्ञान संस्था आणि तिच्या जोडीला मूरफिल्ड्स हे डोळ्यांचं जुनं इस्पितळ, १८०५ चं. या विषयात त्यांचं नाव मोठं. ब्रिटनमधल्या सरकारी निधीच्या पीएच.डी. जागा परदेशी मुलांना खुल्या आहेत, पण एका तुकडीत जास्तीत जास्त तीस टक्के. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीही आहे. मी इंग्रजीच्या परीक्षेची फी बघितली, सतरा हजारांच्या घरात, आणि पान बंद केलं. ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावं.

पहिली मुलाखत डिसेंबर २०२४ ला झाली, कुठं ते लिहीत नाही. मी घरची गोष्ट पाठ करून गेले होते. मामा, अंधार, ओटा, सगळं. दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि एका बाईंनी फळ्याकडे बोट केलं: वंशावळ काढा. काढली. ‘तुमच्या आईला आजार नाही. ती वाहक असण्याची शक्यता किती?’ आमच्या घरातल्यासारखा आजार व्हायला जनुकाच्या दोन्ही प्रती खराब लागतात; एकच खराब असेल तो वाहक, त्याला आजार नसतो. मी म्हटलं, निम्मी. ‘नक्की?’ नक्की. बाईंनी पुढचा प्रश्न घेतला.

परतीच्या गाडीत मी तिकिटाच्या मागं चार घरं काढली. आजी वाहक, आजोबा वाहक. लेकराला चार शक्यता: दोन्ही चांगल्या प्रती, एक खराब, एक खराब, दोन्ही खराब. आई आजारी नाही हे माहीत आहे, म्हणजे चौथं घर खोडायचं. उरली तीन, त्यातली दोन वाहकाची. दोन तृतीयांश. आणि मग माझी शक्यता एक तृतीयांश. तोवर मी कधी स्वतःचा गोल त्या झाडात काढलाच नव्हता. नांदेड येईपर्यंत मी ते तिकीट हातात धरून होते. त्या मुलाखतीत माझी निवड झाली नाही, ते बरोबरच होतं.

दुसरी मुलाखत जानेवारीत, हैदराबादला. अजिंठा एक्सप्रेस परभणीला मध्यरात्रीनंतर येते, ती पकडून सकाळी काचीगुडा. आधी लेखी परीक्षा, मग दुपारी मुलाखत. या वेळी मी घरची गोष्ट सांगितली नाही. त्यांनी विचारलं, रुग्णाच्या जनुकात एक बदल सापडला, तोच आजाराला कारण आहे हे कसं ठरवणार? मी सांगितलं: आधी तो बदल निरोगी लोकांत किती आढळतो ते बघेन. मग घरातल्या आजारी आणि निरोगी माणसांत तो आजारासोबत जातो का ते बघेन. त्यावर एक सर म्हणाले, निरोगी म्हणजे कुठले निरोगी? जगातल्या मोठ्या माहितीसाठ्यांत आपल्या लोकांची संख्या कमी, हे मला माहीत होतं. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पातली दहा हजार भारतीयांच्या जीनोमची, म्हणजे सगळ्या डीएनएची, माहिती संशोधकांना खुली झाल्याची बातमी त्याच महिन्यात वाचली होती, ती सांगितली.

मग नात्यातल्या लग्नांचा विषय निघाला. सर म्हणाले, आम्ही फॉर्मवर विचारतो, बरेच जण नाही म्हणतात. मी म्हटलं, सर, आमच्याकडं विचाराल तर माझी आजीसुद्धा नाहीच म्हणेल. ‘नात्यात’ म्हटलं की तिच्या डोक्यात भावकी येते, आणि भावकीत लग्न म्हणजे शिव शिव. मामाची मुलगी ही नात्यातली नसते, ती घरातली असते, तिच्यावर हक्क असतो. तुम्हाला ‘बायको मामाची का?’ असं विचारावं लागेल. टेबलाच्या पलीकडं एकदम शांतता झाली, मला वाटलं काहीतरी अडाण्यासारखं बोलून बसले. मग सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, आत्याची पण चालते का? म्हटलं, मुलाच्या बाजूनं मामाची तीच मुलीच्या बाजूनं आत्याचा. आठ दिवसांनी निवडीचा ईमेल आला.

रुजू व्हायला जाताना ही चूक करू नका: मी वीस हजार घेऊन गेले. मला वाटलं, महिन्याला ३७ हजार फेलोशिप आणि वर घरभाडं, काय अडचण. कागदांवर ते खरं आहे, पहिली दोन वर्षं ३७, मग ४२. पण पैसे सुरू व्हायला रुजू झाल्याचा अहवाल, मार्गदर्शकाची सही, बँकेचे तपशील, सगळं फिरून यावं लागतं. माझा पहिला हप्ता पाच महिन्यांनी आला, मागचे सगळे धरून, एकदम. तोवर पीजीचे महिन्याला साडेसात हजार, आठ हजार डिपॉझिट, येणं-जाणं. बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. निदान पन्नास हजार हाताशी ठेवूनच निघा, किंवा संस्थेला पहिल्याच दिवशी विचारा की तोवर उचल मिळते का. काही ठिकाणी मिळते. मी लाजून विचारलंच नाही.

पहिल्या सहामाहीत कोर्सवर्क असतं, निदान १२ क्रेडिट, त्यात संशोधनाची नीतिमत्ता हा विषय येतो. पीएच.डी. तीन वर्षांच्या आत देता येत नाही आणि सहा वर्षांत संपवावी लागते. प्रयोगशाळेत पहिलं काम म्हणजे रक्तातून डीएनए काढणं. नळीत थंड अल्कोहोल घालून हळूच उलटी केली की पाण्यात कापसाचा तंतू तरंगावा तसं पांढरं काहीतरी गोळा होतं. पहिल्यांदा मी सगळ्या बाकांवर जाऊन दाखवून आले. मग तीन आठवडे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवणं, चालला नाही, तुकडा दाखवणारी एकही पट्टी नाही. शेवटी कळलं मी प्राइमर, म्हणजे त्या प्रती सुरू करून देणारे छोटे तुकडे, पातळ करताना एक शून्य जास्त धरत होते.

मामाला घेऊन मी मे महिन्यात तपासणीला गेले, पण माझ्या कामात नाही. स्वतःच्या घरच्यांना स्वतःच्या अभ्यासात घेणं बरोबर नाही, म्हणून तो रुग्णालयातूनच गेला, रीतसर केसपेपर काढून. आधी समुपदेशन झालं, मग संमतीपत्र. पाच मिली रक्त. मामानं विचारलं, ‘माय, डोळे येतील का?’ मी त्याला खरं ते सांगितलं. एका जनुकासाठी, आरपीई६५ साठी, अमेरिकेत डिसेंबर २०१७ ला उपचाराला मान्यता मिळाली, दोन डोळ्यांचा खर्च साडेआठ लाख डॉलर. हा आजार करणारी जनुकं कितीतरी आहेत, तुझं कुठलं ते अजून माहीत नाही. आणि ज्या पेशी मेल्या त्या या उपचारानं परत येत नाहीत. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मग रक्त कामून द्यायलो?’ मी म्हटलं, नातवंडांसाठी. खरं तर त्याची मुलं फार तर वाहक असतील, मामी परक्या घरची आहे. पण त्या क्षणी मला दुसरं सुचलं नाही, आणि ते वाक्य मला अजून टोचतं.

अहवाल आला. एका जनुकात बदल सापडलाय, दोन्ही प्रतींत तोच, म्हणजे एकाच पूर्वजाकडून दोन्ही बाजूंनी आलेला असू शकतो. पण त्यापुढे लिहिलंय: अर्थ अनिश्चित. तो आजाराचा आहे की नुसताच आहे हे ठरवायला घरातल्या बाकीच्यांचं रक्त लागेल. आईचं आणि धाकट्या मामाचं घेतलंय. माझं मी अजून दिलं नाही. मावशीचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिच्यातही दोन्ही प्रती तशाच निघाल्या तर बरंच काही स्पष्ट होईल. तिला परवा फोन केला. म्हणाली, ‘रानात सोयाबीन उभं आहे बाई, आत्ता कुठं हैदराबादला येऊ? निघू दे, दिवाळीनंतर बघू.’